वाशी ते उरण: पाच की सहा

वाशी, ८ जुलै १९९६

चि. सुनयनास अनेक आशीर्वाद.

इकडे सगळं क्षेम आहे, गणित वगळून.

वाचून तू चष्मा पुसशील, म्हणून आधी हकीकत सांगतो. आमच्या शाळेत संस्कृत घेणारी मुलं दरवर्षी गळतायत. यंदा आठवीला इतकी कमी आली, की माझ्या वर्गात बाकं जास्त आणि विद्यार्थी कमी. आमचे चिटणीस हौसेराव तुझ्याच मुलखातले, कोरेगावकडचे. इथे मार्केटात कांदा-बटाट्याचा गाळा आहे. हमाल आणि व्यापारी मंडळींच्या मुलांसाठी ही शाळा काढण्यात त्यांचा मोठा वाटा. त्यांनी मला बोलावून घेतलं आणि म्हणाले, "गुरुजी, तुमचं तास भरत न्हाईत. सातवीच्या शिष्यवृत्तीच्या वर्गाला तुमी बुद्धिमत्ता घ्या."

मला बुद्धिमत्ता घ्या असं आजवर कोणी तोंडावर म्हटलं नव्हतं. पण ते त्या विषयाबद्दल बोलत होते. ऑगस्टात ते स्वतः मागच्या बाकावर बसून माझा तास बघणार आहेत. जमला तर "तुमची सोय लावू" म्हणाले. नाही जमला तर संस्थेची शहापूरच्या पलीकडे डोंगरात शाळा आहेच. गीतांजलीची बँक इथे, फ्लॅटचे हप्ते इथे. मी तिकडे खोली घेऊन राहायचं आणि शनिवारी पाहुण्यासारखं घरी यायचं. या वयात मला पिठलं करायला शिकायचं नाही.

तर गणित असं. अ गावाहून ब गावाला जायला तीन रस्ते. ब गावाहून क गावाला जायला दोन. तर अ हून ब मार्गे क ला किती प्रकारांनी जाता येईल? मी फळ्यावर पाच लिहिलं. तीन आणि दोन पाच, यात वादाला जागा कुठे आहे? पुस्तकाच्या मागे सहा छापलंय. मी वर्गाला सांगितलं, छपाईची चूक आहे. वर्गाने विश्वास ठेवला, हे त्यातलं सगळ्यात वाईट.

तू वीस वर्षं हेच शिकवतेस. सहा कुठून आले ते कळव. एस.टी.डी. बूथवर उभं राहून मीटरकडे बघत मला गणित कळणार नाही, म्हणून पत्र.

तुझा,
नंदूदादा

•

सातारा, १३ जुलै १९९६

ती. नंदूदादास सा. न.

तुझं पत्र स्टाफरूममध्ये वाचलं आणि हसू दाबताना चहा नाकात गेला. चूक छपाईची नाही, तुझी आहे. वर्गाला तसं सांग. सोमवारीच सांग.

आता नीट वाच. तुझ्याकडे तीन सदरे आहेत आणि दोन विजारी. पहिल्या सदऱ्यावर दोनपैकी कुठलीही विजार घालता येईल. हे दोन वेश झाले. दुसऱ्या सदऱ्यावर पुन्हा दोन, तिसऱ्यावर पुन्हा दोन. एकूण सहा. म्हणून गुणाकार. बेरीज कधी? तीन सदऱ्यांपैकी किंवा दोन विजारींपैकी एकच काहीतरी घालून शाळेत जायचं असेल तेव्हा. तशी वेळ तुझ्यावर येऊ नये.

आणि अ, ब, क सोड. मुलांना त्यांच्या ओळखीची गावं दे. वाशीहून बेलापूर, बेलापूरहून उरण असं काहीतरी घे. माझ्या वर्गात मी सातारा, वाई, महाबळेश्वर घेते, लगेच डोक्यात शिरतं.

हौसेराव "सोय लावू" म्हणाले म्हणतोस. वाशीतच ठेवू असं म्हणाले का? विचारून घे.

वहिनींना नमस्कार. कंदी पेढे पाठवले असते, पण उत्तर बरोबर आल्यावर पाठवीन.

तुझी,
सुनयना

•

वाशी, २१ जुलै १९९६

चि. सुनयनास आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून कपाट उघडलं. सदरे तीन, विजारी दोन, तुझा हिशोब तंतोतंत. पण गीतांजली मागे उभी होती. ती म्हणाली, चौकड्यांचा सदरा राखाडी विजारीवर घालून बाहेर पडलास तर मी तुझ्याबरोबर चालणार नाही. म्हणजे पाच. पांढरा सदरा काखेत उसवलाय, तो गेला. म्हणजे तीन. तुझ्या शास्त्रात बायको धरतात की नाही, ते कळव.

मग म्हटलं, कपडे जाऊ देत, तू म्हणतेस ती गावं घेऊ. वाशीहून बेलापूरला रेल्वे, बस आणि रिक्षा, तीन झाले. बेलापूरहून उरणला एस.टी. आणि सहा आसनी रिक्षा, दोन झाले. सहा की पाच, हा वाद कागदावर मिटत नाही असं पाहून मी आज रविवारचा स्वतःच निघालो. हसू नकोस. न्यायशास्त्रात प्रत्यक्ष हे पहिलं प्रमाण आहे.

रेल्वेने बेलापूरला उतरलो. सहा आसनीवाला म्हणाला, "काका, दहा जन झाले का सुटल." मी म्हटलं, "अरे, नाव सहा आसनी आहे ना?" तो म्हणाला, "नाव हाय ते." दहा जण होईपर्यंत एस.टी. समोरून गेली. दहावा माणूस आला तेव्हा आधीच्या दोघांनी कंटाळून रस्ता धरला होता. शेवटी उरणला न जाताच परत आलो. म्हणजे माझ्या मोजणीप्रमाणे वाशीहून उरणला जायचे प्रकार शून्य. पुस्तक सहा म्हणतं. मी पाचावर होतो, तेव्हा निदान सत्याच्या जास्त जवळ होतो.

वर्गाला मात्र छपाईची चूक नव्हती असं सांगितलं. त्यांनी त्यावरही विश्वास ठेवला. या मुलांचं पुढे कसं व्हायचं?

सोयीबद्दल हौसेरावांना विचारलं नाही. माणसाने शब्द दिला की खोदून विचारणं बरं दिसत नाही. सोय म्हणजे इथलीच, दुसरी कुठली असणार?

तास तीन आठवड्यांवर आलाय. मला गुणाकार करता येतो गं. का करायचा ते उमगत नाही. हौसेरावांनी "का" एवढंच विचारलं तर मी शहापूरला पोचलो समज.

नंदूदादा

•

सातारा, २७ जुलै १९९६

नंदूदादा,

तुझं पत्र तीनदा वाचलं. पहिल्यांदा हसले, दुसऱ्यांदा चिडले, तिसऱ्यांदा डोकं धरून बसले.

प्रश्नात जे दिलेलं नाही ते आत घुसडायचं नाही. एवढं एक वाक्य फळ्याच्या वर लिहून ठेव. प्रश्नात सहा आसनीवाला दहा माणसांसाठी थांबत नाही. प्रश्नात सदरा उसवत नाही. प्रश्नात वहिनी पाठीमागे उभ्या नसतात. रस्ते तीन म्हटलं की तीन, ते सदासर्वकाळ उघडे. तुझ्यासारख्या माणसामुळेच गणिताच्या बाईंना वर्गात ओरडावं लागतं, आणि मग पालक म्हणतात बाई कडक आहेत.

सोबत झाडाचं चित्र काढून पाठवतेय. खोड वाशी, तीन फांद्या, प्रत्येक फांदीला दोन डहाळ्या. शेंडे मोज. मोजता तरी येतं ना?

तरीही नाही कळलं तर माझा एक प्रश्न आहे, त्याचं उत्तर दे. शाळेसाठी तू आमच्याकडे राहायला होतास, तेव्हा रोज संध्याकाळी रॉकेलच्या डब्यावर थाप मारत यमाताराजभान म्हणायचास. मी पाटीवर पाढे लिहायची आणि तुझ्या थापेने माझी पेन्सिल उडायची. तेव्हापासून एक शंका आहे, आता विचारते. तुमच्या वृत्तांमधले गण आठच का? सात का नाहीत, दहा का नाहीत? कोणी ठरवलं? नीट समजावून सांग. संस्कृतातलं मला काही कळत नाही, तेव्हा लहान मुलाला सांगावं तसं सांग.

सुनयना

•

वाशी, २ ऑगस्ट १९९६

चि. सुनयनास,

तुझं झाड मिळालं. फांद्या वाकड्या आहेत. चित्रकलेला तुला कधी कोणी बक्षीस दिलं नाही, ते योग्यच झालं.

तुझ्या प्रश्नाकडे वळतो. इतक्या वर्षांनी का होईना, तुला छंदाबद्दल विचारावंसं वाटलं, याचा आनंद आहे. तेव्हा ऐक, लहान मुलासारखी.

गण म्हणजे तीन अक्षरांचा गट. अक्षर एक तर लघु, म्हणजे आखूड, नाहीतर गुरु, म्हणजे लांब. तिसरी जात नाही. आता पहिलं अक्षर घे. ते लघु असेल किंवा गुरु. दोन शक्यता झाल्या. या दोन्हींपैकी प्रत्येकीला दुसऱ्या अक्षराच्या पुन्हा दोन शक्यता आहेत, म्हणजे चार झाल्या. आणि त्या चारांपैकी प्रत्येकीला तिसऱ्या अक्षराच्या पुन्हा दोन, म्हणजे आठ. म, न, भ, य, ज, र, स, त. नववा गण ब्रह्मदेवाला काढता येणार नाही, आणि सातावर थांबता येणार नाही, कारण एक गण उघड्यावर पडेल. कोणी ठरवलं नाही, ते आहेच तसं. यात कळायला अवघड काय आहे? दोन आणि दोन आणि दोन अशी बेरीज केली असती तर सहाच आले असते, मग दोन गण बिचारे

इथवर लिहिलं आणि पेन खाली ठेवलं. उठून पाणी प्यालो. गीतांजलीने विचारलं, काय झालं? म्हटलं, काही नाही, सातारची बाई फार लबाड आहे.

"प्रत्येकीला." हा शब्द मी वर दोनदा लिहिलाय. मीच लिहिलाय, माझ्या अक्षरात. रेल्वेने गेलेल्याला एस.टी. आहे आणि सहा आसनी आहे. बसने गेलेल्याला पुन्हा दोन्ही आहेत. रिक्षाने गेलेल्यालाही. पहिलं अक्षर तीन प्रकारचं, दुसरं दोन प्रकारचं, आणि वाशी ते उरण हा दोन अक्षरांचा गण. सहा. सहाच. सहाशिवाय काही होऊच शकत नाही.

म्हणजे बाराव्या वर्षापासून मी डबा बडवत गुणाकार करत होतो आणि मला कोणी सांगितलं नाही. राग कोणावर काढू? तुझ्यावर काढला असता, पण तू पेढे देणार आहेस.

एक बरं झालं, हे ज्ञान मला संस्कृतातून झालं. सदऱ्या-विजारीतून झालं असतं तर जन्मभर सलत राहिलं असतं.

तास चौदा तारखेला आहे.

नंदूदादा

•

सातारा, १८ सप्टेंबर १९९६

ती. नंदूदादास सा. न.

ऑगस्टच्या चौदा तारखेचा तास झाला, गणपतीही बसले, तरी तुझं पत्र नाही. आधी वाटलं, तास बिघडला. मग विचार केला, बिघडला असता तर तू चार पानं लिहिली असतीस. चांगलं झालं की तू गप्प बसतोस, हा तुझा लहानपणापासूनचा स्वभाव. तेव्हा मी ठरवलंय, की तू जिंकलास. वाशीत ठाण मांडून बसलायस आणि मला कळवायचं विसरलायस.

स्टाफरूममध्ये सगळ्यांना तुझे गण आणि सहा आसनी माहीत आहेत. तुझी पत्रं मी वाचून दाखवते, रागावू नकोस. आमचे वामनराव तर मुलांना आता झाडाऐवजी लघु-गुरूच शिकवतात. काल तुझ्या यशाचे पेढे मी सगळ्यांना वाटले. तुझं वेगळं खोकं नामदेवच्या हाती पाठवलंय. तो मार्केटात भाजीचा ट्रक घेऊन येतो, घरी पोचवेल. तेवढ्यात पत्र टाक.

सुनयना

•

वाशी, २५ सप्टेंबर १९९६

चि. सुनयनास,

पेढे मिळाले. चांगले होते. तू ते चुकीच्या बातमीवर वाटलेस, पण परत मागू नकोस.

तास उत्तम झाला, म्हणूनच हे झालं. ऐक.

हौसेराव मागच्या बाकावर बसले, मांडीवर कापडी पिशवी. मी फळ्यावर वाशी, बेलापूर, उरण लिहिलं. तू सांगितलंस तसं ओळखीचं. मुलांना आधी टाळ्यांनी लघु-गुरु मोजायला लावले, मग गाड्या. राजनंदिनी म्हणून एक मुलगी आहे, तिने फळ्यावर येऊन सहाही प्रकार मांडले. तेवढ्यात मागून आवाज, "आन् परत यायचं कसं, गुरुजी? गेल्या गाडीनं माघारी यायचं न्हाई, असं ठरवलं तर?"

सुनयना, हे पुस्तकात नव्हतं. पण तोंड बोललं. जाताना सहा. येताना उरणहून बेलापूरला एकच गाडी उरते, बेलापूरहून वाशीला दोन उरतात. प्रत्येक जाण्याला दोन येणी. बारा. मुलांनी मांडून पाहिलं, बाराच. हौसेराव उठून पुढे आले आणि भर वर्गात म्हणाले, "झकास. उरणची वाट तर तुमच्या बोटावर हाय की."

मी घरी येऊन गीतांजलीला सांगितलं, वाशी राहिली. आम्ही श्रीखंड आणलं.

गणपती बसायच्या आदल्या दिवशी हुकूम हातात पडला. संस्थेच्या मोऱ्याच्या शाळेत, म्हणजे उरणच्या पुढे पार धक्क्याजवळ, गणिताची जागा जूनपासून रिकामी आहे. "सदर शिक्षकांचे गणित विषयातील प्रावीण्य व परिसराची सखोल माहिती लक्षात घेता." सखोल. मी आजवर उरण पाहिलेलं नाही. बेलापूरलाच दहा माणसं जमली नव्हती.

गाळ्यावर गेलो. हौसेराव कांद्याच्या थप्पीशेजारी खुर्ची टाकून बसले होते. म्हटलं, "अहो, मी संस्कृतचा माणूस."

"ठाव हाय की. संस्कृतचा माणूस गनित इतकं भारी शिकवतोय, मग गनिताच्या मानसाची वाट कशापायी बघायची?"

"पण तुम्ही सोय लावू म्हणाला होता."

"लावली न्हवं? शहापूर टळलं. आन् जायला सा रस्तं हायेत, तुमीच दावलं फळ्यावर."

मी नापास झालो असतो तर शहापूर. पास झालो तर मोरा. वाशीत राहायचा प्रकार या गणितात पहिल्यापासून नव्हता, आणि तू जुलैतच लिहिलं होतंस, विचारून घे. ते पत्र मी काढून पुन्हा वाचलं. मग आठ-दहा दिवस तुला लिहावंसं वाटलं नाही.

गीतांजली म्हणाली, उरणला खोली बघ, रोजची दगदग होणार नाही. मी नको म्हटलं. तिने पुन्हा सुचवलं नाही. दुसऱ्या दिवशी डब्याचा तिसरा पुडा आणला, दुपारच्या खाण्याचा. बोलण्यापेक्षा ते मला जास्त कळलं.

एक तारखेला रुजू होतो.

नंदूदादा

•

सातारा, १ ऑक्टोबर १९९६

नंदूदादा,

उरण मी सुचवलं. मी वाई, महाबळेश्वर घे म्हटलं असतं, तर हौसेरावांनी तुला महाबळेश्वरला पाठवलं असतं का, असा विचार रात्रभर करतेय. निदान हवा तरी चांगली.

हसवायचा प्रयत्न करतेय, जमत नाहीये. वामनरावांना सांगितलं, तर ते म्हणाले, त्यांना सांगा, पुढच्या वेळी तासात उरण ते वाशी घ्या, म्हणजे हुकूम वाशीचा येईल.

रोज कसा जातोस ते कळव. आणि आता संस्कृत बंद का? तेवढं एक सांग.

तुझी,
सुनयना

•

मोरा, उरण, १९ ऑक्टोबर १९९६

चि. सुनयनास अनेक आशीर्वाद.

हे पत्र शाळेतून लिहितोय. खिडकीतून धक्का दिसतो. आता सुकती आहे, म्हणजे पाणी मागे गेलंय, आणि मुंबईची लाँच चिखलाच्या पलीकडे उभी आहे. माणसं धक्क्यावर, लाँच तिकडे, दोघं एकमेकांकडे बघतायत. मला हे दृश्य ओळखीचं वाटतं.

संस्कृत बंद नाही. डबा बडवायला इथे पुष्कळ मोकळी जागा आहे. पहिल्या आठवड्यात मी गण शिकवले, दुसऱ्यात रस्ते. मुलं बहुतेक कोळ्यांची. मी म्हटलं, या मुलांना ओळखीचं द्यावं, तूच म्हणतेस ना. मोऱ्याहून भाऊच्या धक्क्याला दोन लाँचा. धक्क्याहून पुढे दादरला तीन बसगाड्या. किती प्रकारे?

मागून लगेच हात. "सर, भरती हाय का सुकती?"

म्हटलं, "त्याचा इथे संबंध नाही."

"संबंध नाय कसा? पानी नसल तर लाँच धक्क्याला लागतच नाय."

दुसरा म्हणाला, "शिमग्याला तर सगलीच बंद असतान."

तिसऱ्याने एका लाँचेचं इंजिन त्याच्या काकाकडे दुरुस्तीला आल्याचं सांगितलं, म्हणून एकच धरा म्हणाला. आणि मी, सुनयना, मी टेबलावर हात आपटून ओरडलो, "प्रश्नात जे दिलेलं नाही ते आत घुसडायचं नाही. प्रश्नात समुद्राला ओहोटी लागत नाही."

शेजारच्या वर्गातल्या बाई डोकावून गेल्या. संध्याकाळपर्यंत गावात झालं असेल, की नवे सर कडक आहेत. तुझी हात जोडून माफी मागावी असं वाटलं, पण हात खडूने भरले होते.

मुलांची समजूत काढावी म्हणून मग वाशी ते उरणचं माझं जुनं गणित घातलं. त्यात समुद्र नाही. त्यांनी ते चटकन सोडवलं. "सहा," सगळा वर्ग एका सुरात. मी खूश होऊन फळा पुसायला वळलो. तेवढ्यात पुतळा नावाची मुलगी उभी राहिली. पहिल्या बाकावर बसते, फारशी बोलत नाही.

"सर, तुमी वाशीवरून येता ना?"

"हो."

"सहा वाटा हायेत?"

"हो, आताच तर काढल्या आपण."

"मंग सर, रोज उशिरा का येता?"

वर्ग हसला नाही. सगळे खरंच उत्तराची वाट बघत होते. मी पुस्तकाच्या मागे पाहिलं. तिथे नाही. माझं उत्तर असं आहे, की गीतांजली बँकेत निघेपर्यंत मी घरातून निघत नाही. आम्ही दोघं एकत्र जिना उतरतो, आणि ती कोपऱ्यावर वळली की मग मी रेल्वेकडे जातो. त्यानंतर सहापैकी कुठलाही रस्ता धरला तरी घंटा होऊन गेलेली असते. पण हे प्रश्नात दिलेलं नाही.

मुलांना काय सांगू, ते उलट टपाली कळव. सोमवारी पुतळा पुन्हा विचारणार आहे.

तुझा,
नंदूदादा